कादंबरीचे कूळ आणि कादंबरीचा शब्द

२०२४चे बुकर पारितोषिक सामंथा हार्वी यांच्या ‘ऑर्बिटल’ या छोटेखानी कादंबरीला मिळाले आणि वाचकांमधला एक जुना वाद पुन्हा पेटला. विज्ञानकथेला अखेर बुकर मिळाले, याचा एका पक्षाला आनंद झाला. ही विज्ञानकथा नव्हेच, हे ‘साहित्य’ आहे, असा दुसऱ्या पक्षाने तातडीने खुलासा केला. ज्या मित्रांबरोबर मी महिन्यातून एकदा पुस्तकांवर बोलायला बसतो, त्यांच्यातही हीच फाळणी झालेली मी पाहिली. ऐकताना सारखे वाटत राहिले, की कादंबरीत प्रत्यक्ष काय आहे याकडे दोन्ही बाजूंचे लक्ष नाही. पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरच्या स्थानकात सहा अंतराळवीर एक दिवस घालवतात. त्या दिवसात स्थानक पृथ्वीभोवती सोळा प्रदक्षिणा घालते, म्हणजे सोळा सूर्योदय आणि सोळा सूर्यास्त होतात. चिए नावाच्या जपानी अंतराळवीराची आई खाली वारलेली आहे आणि तिला अंत्यविधीला जाता येत नाही. एक प्रचंड वादळ फिलिपिन्सकडे सरकत आहे आणि वरून ते फक्त पाहता येते. असे स्थानक खरोखर आहे, आणि नोव्हेंबर २००० पासून तिथे माणसांची वस्ती एक दिवसही खंडित झालेली नाही. चंद्राकडे निघालेल्या एका मोहिमेचा उल्लेख सोडला, तर या कादंबरीत कल्पनेने निर्माण केलेली वस्तू जवळजवळ नाही. ती निखळ वास्तववादी कादंबरी आहे. तिचे वास्तव फक्त जमिनीपासून दूर आहे.

आता त्याच्या आदल्या वर्षीचे बुकर आठवावे. पॉल लिंच यांची ‘प्रॉफेट साँग’ आजच्या आयर्लंडमध्ये घडते; मात्र त्या आयर्लंडमध्ये हुकूमशाही वृत्तीचे सरकार आलेले आहे, गुप्त पोलीस शिक्षक संघटनेच्या कार्यकर्त्याच्या शोधात रात्री घरी येतात, आणि त्याची पत्नी आयलिश मुलांना घेऊन हळूहळू यादवीच्या तोंडी जाते. असे आयर्लंड अस्तित्वात नाही. ते संपूर्णपणे ‘असे झाले तर’ या एका प्रश्नावर उभे केलेले आहे. तरीही ‘ही विज्ञानकथा की साहित्य’ हा प्रश्न या कादंबरीला फारसा कुणी विचारला नाही, कारण तिच्यात रॉकेट नाही. ज्या कादंबरीत जवळजवळ काहीही कल्पित नाही तिच्या कुळाची चौकशी होते आणि जिचा पायाच कल्पित आहे ती विनाचौकशी आत घेतली जाते, तेव्हा आपण वाङ्मयप्रकारांबद्दल बोलतो आहोत की मुखपृष्ठावरच्या चित्रांबद्दल?

माझे म्हणणे असे, की कुळाचा हा प्रश्नच आपण सोडून द्यावा आणि त्याच्या जागी दुसरा, अधिक कठीण प्रश्न विचारावा. ज्या कादंबऱ्यांना इंग्रजीत ‘स्पेक्युलेटिव्ह’ म्हणतात आणि ज्यांना मी इथे जर-तरच्या कादंबऱ्या म्हणणार आहे, त्या पहिल्या काही पानांत वाचकाला एक शब्द देतात: जगात एवढी एकच गोष्ट वेगळी आहे असे धरून चला, पुढचे सारे मी प्रामाणिकपणे सांगेन. तो शब्द कादंबरी शेवटपर्यंत पाळते का? आणि त्या कल्पित अटीवाचून हाच अनुभव तितक्याच तीव्रतेने सांगता आला असता का? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की कादंबरी कोणत्या कपाटातली हे ठरवायची निकड उरत नाही. शिवाय हे प्रश्न दोन्ही पक्षांना सारखेच अडचणीचे आहेत, आणि मला ते निवडावेसे वाटतात त्याचे हेही एक कारण आहे.

कपाटे किती कृत्रिम असतात हे दाखवायला एकच उदाहरण पुरे आहे. कोल्सन व्हाइटहेड यांच्या ‘द अंडरग्राउंड रेलरोड’ला २०१७ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी विज्ञानकादंबरीसाठी दिले जाणारे आर्थर सी. क्लार्क पारितोषिकही मिळाले. अमेरिकेतल्या गुलामांना उत्तरेकडे पळून जायला मदत करणाऱ्या गुप्त जाळ्याला इतिहासात ‘भूमिगत रेल्वे’ म्हणत. ते रूपक होते. व्हाइटहेड यांनी ते शब्दशः खरे केले: जमिनीखाली बोगदे आहेत, रूळ आहेत, स्टेशने आहेत. एवढी एक अट मान्य केली, की पळून निघालेली कोरा प्रत्येक स्टेशनावर वेगळ्याच राज्यात बाहेर पडते. एका राज्यात कृष्णवर्णीयांना शाळा, नोकरी आणि दवाखाना मिळतो, आणि त्याच दवाखान्यात त्यांच्या नसबंदीचा घाट घातला जातो. दुसऱ्या राज्यात त्यांचे अस्तित्वच कायद्याने पुसून टाकलेले असते. दीडशे वर्षांत पसरलेले अत्याचार एका मुलीच्या एका प्रवासात आणायचे तर रेल्वे खरी असणे भाग होते. दोन परीक्षक मंडळांनी दोन वेगळ्या परंपरांतून येऊन एकाच पुस्तकावर बोट ठेवले, याचा अर्थ पुस्तक दुटप्पी आहे असा होत नाही.

‘साहित्य’ पक्षाचा सर्वांत बळकट आक्षेप मला मान्य आहे. विज्ञानकादंबरी म्हणून जे लिहिले जाते त्यातले बरेचसे माणसांच्या बाबतीत उथळ असते. पात्रे कल्पना वाहून नेणारी हमाल होतात; दोन शास्त्रज्ञ एकमेकांना आधीच ठाऊक असलेली माहिती आपल्यासाठी मोठ्याने सांगतात. लिऊ त्सुशिन यांच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’चे केन लिऊ यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २०१४ मध्ये आले आणि २०१५ मध्ये त्याला विज्ञानकथा आणि फँटसीसाठी दिले जाणारे ह्यूगो पारितोषिक मिळाले. त्या कादंबरीतल्या कल्पनांची झेप थक्क करणारी आहे. पण मुख्य पात्र वांग मियाओ याला घरात बायको आणि मूल आहे, हे मला पुस्तक मिटताना आठवावे लागले. हा दोष आहे आणि ‘कल्पनांची कादंबरी अशीच असते’ म्हणून तो माफ करू नये. मात्र त्याच कादंबरीत १९६७ सालच्या सांस्कृतिक क्रांतीतल्या जाहीर सभेत ये वेनजिएच्या डोळ्यांदेखत तिच्या प्राध्यापक वडिलांना मारून टाकले जाते, आणि पुढे मानवजातीचा विश्वासघात करणारा तिचा निर्णय त्या एका दृश्यातून इतका अपरिहार्यपणे निघतो, की कल्पना आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत. म्हणजे दोष प्रकारात नाही, हाताळणीत आहे. एकाच लेखकाच्या हातून, एकाच पुस्तकात, तो एका ठिकाणी घडतो आणि दुसऱ्या ठिकाणी घडत नाही. आणि सपाट पात्रे हाच निकष लावायचा, तर वास्तववादी म्हणवणाऱ्या किती कौटुंबिक कादंबऱ्या त्यातून उत्तीर्ण होतील? भाषेच्या आणि निवेदनाच्या धाडसाबद्दल बोलायचे, तर एन. के. जेमिसिन यांच्या ‘द फिफ्थ सीझन’मध्ये मूल गमावलेल्या आईची कथा ‘तू’ असे संबोधून, द्वितीय पुरुषी सांगितली आहे. आणि असे का, याचे कारण त्या मालिकेतच हळूहळू उलगडते. तो प्रयोग दिखाव्यासाठी नाही. त्या मालिकेच्या तीन भागांना २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षे ह्यूगो मिळाले.

दुसऱ्या पक्षाचा आक्षेपही तितकाच बळकट आहे, आणि आपल्याकडे तो क्वचित ऐकू येतो म्हणून त्याला थोडी अधिक जागा देतो. विज्ञानकादंबरीचे जुने वाचक म्हणतात, की नामवंत साहित्यिक या प्रांतात पाहुण्यासारखे येतात, घर कुणी बांधले याची चौकशी करत नाहीत आणि भिंतीवर स्वतःचे नाव लिहून जातात. काझुओ इशिगुरो यांची ‘द बरीड जायंट’ २०१५ मध्ये आली तेव्हा ही फँटसी आहे असे लोकांना वाटेल का, अशी शंका त्यांनी एका मुलाखतीत बोलून दाखवली होती. विज्ञानकादंबरी आणि फँटसीच्या ज्येष्ठ लेखिका उर्सुला ले ग्विन यांना त्यात त्या प्रकाराबद्दलची तुच्छता दिसली आणि त्यांनी कडक शब्दांत उत्तर दिले. इशिगुरो यांनी आपली बाजू स्पष्ट केल्यावर ले ग्विन यांनी दिलगिरीही व्यक्त केली. ले ग्विन यांचा त्या क्षणीचा अंदाज चुकला असेल, पण त्यांच्या रागामागे ४०-५० वर्षांचा अनुभव होता. इयन मॅक्यूअन यांनी २०१९ मध्ये ‘मशीन्स लाइक मी’च्या निमित्ताने बोलताना सुचवले, की कृत्रिम माणसाच्या सहवासातले मानवी पेच हे कादंबरीकाराला खुले होणारे नवे क्षेत्र आहे. मेरी शेली यांनी १८१८ मध्ये ‘फ्रँकनस्टाइन’ प्रसिद्ध केली, त्यानंतर दोन शतके लेखक याच पेचाशी झुंजत आले असताना त्याला नवे कसे म्हणावे? हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो.

पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मान्य करत नाही. परंपरेची माहिती असणे म्हणजे कादंबरी चांगली असणे नव्हे, आणि ती माहिती नसणे म्हणजे कादंबरी फसणेही नव्हे. मॅक्यूअन यांची कादंबरी मला फसलेली वाटते, पण त्याचे कारण वेगळे आहे. या कादंबरीतल्या १९८२ मध्ये संगणकशास्त्राचा पाया घालणारे, प्रत्यक्षात १९५४ मध्येच वारलेले गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग जिवंत आहेत, ब्रिटनने प्रत्यक्षात जिंकलेले फॉकलंडचे युद्ध हरलेले आहे, आणि चार्ली नावाचा तरुण वारशाचे पैसे घालून ॲडम हा यंत्रमानव विकत घेतो. म्हणजे वाचकाला एक नव्हे, तीन शब्द दिले गेले. फॉकलंडचा पराभव काढून टाकला तर चार्ली, त्याची प्रेयसी मिरांडा आणि ॲडम यांच्या कथेत काय बदलते? मला काहीच सापडले नाही. त्या कादंबरीचा खरा पेच असा आहे, की खोटे बोलता न येणारे नैतिक मन माणसांच्या घरात राहायला आले, तर ते प्रेमापोटीही सत्य लपवणार नाही. मिरांडाच्या खोट्या साक्षीचे काय करायचे, या प्रश्नावर तो पेच फार सुंदर उभा राहतो. पण तिथे पोहोचेपर्यंत पर्यायी इतिहासाचा इतका पसारा झालेला असतो, की मूळ शब्द दुबळा पडतो. परंपरा माहीत असती तर हे टळले असते, असे मला वाटत नाही. आपल्याच अटीवर भरवसा ठेवला असता तर टळले असते.

उलट इशिगुरो यांची २०२१ सालची ‘क्लारा अँड द सन’ पाहावी. क्लारा ही सूर्यप्रकाशावर चालणारी, मुलांची सोबत करण्यासाठी बनवलेली कृत्रिम सखी आहे. ती कशी बनवली, तिच्या आत काय आहे, हे लेखक सांगत नाही, आणि विज्ञानकादंबरीचे कडवे वाचक इथे नाराज होतात. पण लेखकाने दिलेला शब्द यंत्राच्या रचनेविषयी नाहीच. तो असा आहे: जिला जगाचे ज्ञान फक्त निरीक्षणाने मिळते अशा मनाच्या डोळ्यांनी सारे पाहायचे. क्लाराला प्रकाशातून बळ मिळते, म्हणून सूर्य दयाळू आहे आणि त्याला विनवता येते, असे ती आपल्या अनुभवातून अगदी तर्कशुद्धपणे ठरवते. जिची ती सखी आहे त्या आजारी जोसीसाठी ती सूर्याशी करार करते आणि त्या करारापायी स्वतःच्या शरीरातले मोलाचे द्रव्य देऊन टाकते. श्रद्धा कशी जन्मते, याचे इतके स्वच्छ चित्रण मी अलीकडे दुसरीकडे वाचलेले नाही. हे एखाद्या भाविक स्त्रीच्या वास्तववादी कथेतून का साधले नसते? कारण तिथे वाचक तिच्या श्रद्धेवर आपापला धर्म, आपापला संशय लादतो. क्लारावर लादायला आपल्याजवळ काही नसते.

या वादात मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे पुस्तक मात्र इशिगुरो यांचेच, २००५ सालचे आहे. ‘नेव्हर लेट मी गो’मध्ये हेलशम नावाच्या निवासी शाळेत मुले वाढतात, त्यांना चांगले वाढवले जाते, चित्रे काढायला शिकवले जाते, आणि मोठी झाल्यावर त्यांचे अवयव एकामागून एक काढून घेतले जाणार असतात, कारण ती त्यासाठीच निर्माण केलेली आहेत. कॅथी ही त्यांच्यातलीच एक, शांतपणे, जवळजवळ आर्जवी स्वरात आपली हकिकत सांगते. खरे प्रेम सिद्ध करणाऱ्या जोडप्याला काही वर्षांची सवलत मिळते, अशी एक अफवा त्यांच्यात असते. कॅथी आणि टॉमी ती मागायला जातात, आणि तशी सवलत कधी नव्हतीच हे ऐकून परततात. या कादंबरीवरचा नेहमीचा आक्षेप असा: ही मुले पळून का जात नाहीत? त्यांना कुंपण नाही, पहारा नाही, मोटार चालवता येते. शास्त्रीय काटेकोरपणा मानणारे वाचक म्हणतात, की इथे लेखकाने जगाची रचनाच नीट केलेली नाही.

हा आक्षेप ऐकला की मला यमू आठवते. हरी नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० ते १८९३ या काळात ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः आली. तीही आत्मकथनच, एका ब्राह्मण मुलीने आपले बालपण, सासर, पतीबरोबरचे थोडे सुखाचे दिवस आणि वैधव्य आपल्याच तोंडाने सांगितलेले. पतीच्या मृत्यूनंतर यमूचे जबरदस्तीने केशवपन केले जाते. गेल्या सव्वाशे वर्षांत या कादंबरीवर पुष्कळ लिहिले गेले, पण यमू पळून का गेली नाही, असा प्रश्न विचारणारा समीक्षक माझ्या वाचनात आलेला नाही. आपण तो विचारत नाही, कारण आपल्याला उत्तर माहीत आहे: तिच्याभोवती कुंपण नव्हते, तिच्या आत होते. तिला वाढवणाऱ्यांनीच, पुष्कळदा मायेने, ते बांधले होते. मग कॅथीला हा प्रश्न का विचारतो? कॅथीची रूढी आपली नसल्याने ती आपल्याला दिसते. यमूची रूढी आपल्या आजी-पणजीची असल्याने तिच्यात वावगे काही असू शकते हे दाखवायलाच आपट्यांना शेकडो पाने लागली. जर-तरच्या कादंबरीचे बळ नेमके इथे आहे. ती आपल्याला अशा घरात नेते, जिथल्या चालीरीतींची आपल्याला सवय नाही, आणि सवयीने माणसाचे काय होते हे त्या अनोळखी घरात आपल्याला प्रथमच दिसते. यमूची कथा पूर्ण झाल्यानंतर बारा वर्षांनी, १९०५ मध्ये, बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी ‘सुलतानाज ड्रीम’ या इंग्रजी कथेत पुरुष पडद्यात आहेत आणि स्त्रिया राज्य चालवत आहेत असा देश रंगवला. आपट्यांनी घराच्या आत जाऊन दाखवले, रुकैयांनी घर उलटे करून दाखवले. यातला एक मार्ग वाङ्मयाचा आणि दुसरा करमणुकीचा, असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

वर्गवारी वाचकाच्या आणि पुस्तकविक्रेत्याच्या सोयीची असते, हे मला मान्य आहे. दुकानात कपाटे असावीत. पण कपाटावरच्या पाटीने गुण ठरवू नयेत.

आणि आपण मराठी वाचक या बाबतीत वाटतो तितके कोते नाही. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’मधल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथा कोणत्या देशात, कोणत्या काळात घडतात? ते जग संपूर्ण कल्पित आहे, तिथले नियम लेखकाने घडवलेले आहेत, आणि त्या कथांचे वाङ्मयीन मोल कोणी नाकारले नाही. अडचण ‘विज्ञान’ हा शब्द जोडला की सुरू होते. माझ्या मते त्याला आपल्या इतिहासाचे एक कारण आहे. मराठी विज्ञानकथेला जे आस्थेचे व्यासपीठ मिळाले ते मुख्यतः विज्ञानप्रसाराच्या चळवळीतून मिळाले, आणि त्या ऋणाबद्दल कृतज्ञ राहूनही हे सांगितले पाहिजे, की त्यासोबत कथेवर एक कामगिरी सोपवली गेली: वैज्ञानिक दृष्टी रुजवण्याची. मग समीक्षकांनी तिला विज्ञानाचे गुण दिले, कथेचे दिलेच नाहीत. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही पहिली कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरे उलटी करून, म्हणजे परीक्षकांनी नाव न पाहता कथा पाहावी. आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे २०१४ मध्ये साहित्य अकादमीने त्यांचा गौरव केला तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रासाठी. नाशिकच्या ९४व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले तेव्हाही चर्चा झाली ती एका वैज्ञानिकाचा सन्मान झाल्याची. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, त्यानंतरच्या मृत्युलेखांतही त्यांच्या कादंबऱ्यांची नावे होती, वाचन फारसे नव्हते.

त्यांची ‘वामन परत न आला’ १९८६ मधली आहे, म्हणजे मॅक्यूअन यांच्या ॲडमच्या तेहेतीस वर्षे आधीची. जमिनीच्या पोटात सापडलेल्या एका लुप्त, प्रगत संस्कृतीच्या ठेव्यातून वामन हा यंत्रमानव घडवला जातो, आणि त्याला हवे असते ते स्वतःसारखे आणखी वामन निर्माण करण्याचे सामर्थ्य. पुराणातल्या बटूने मागितलेली जमीनही तीन पावलेच होती. एवढीशी दिसणारी मागणी मान्य करताना देणाऱ्याला तिचा विस्तार दिसत नाही, ही कादंबरीची अट आहे. आणि ती अट नारळीकर मॅक्यूअन यांच्यापेक्षा अधिक काटेकोरपणे पाळतात असे माझे मत आहे, कारण तिथे अवांतर काही नाही. मात्र वामनबरोबर राहणाऱ्या माणसांच्या मनात, घरात, झोपेत काय बदलते याकडे ते क्लाराच्या लेखकाइतके थांबून पाहत नाहीत, आणि तिथे मला ही कादंबरी अपुरी वाटते. हे मत चुकीचे असू शकेल. पण ते खोडून काढण्यासाठी कुणाला तरी ती कादंबरी पुन्हा उघडून पात्रांची, वाक्यांची, प्रसंगांची साक्ष काढावी लागेल. त्यातले विज्ञान बरोबर आहे एवढे सांगून भागणार नाही.